हो म्हणायला लावणारी वाक्यं

मला कावीळ झाली नव्हती. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण आमच्या गावात महिनाभर सगळे तसंच समजून होते आणि मीही त्यांना तसं समजू दिलं. मला दारूचं व्यसन आहे. वय अठ्ठावीस. शेवटचा घोट घेऊन चौदा महिने झाले. ज्यांच्या घरात कोणाला अशीच 'कावीळ' झाली आहे किंवा जो अचानक 'पुण्याला कोर्ससाठी' गेला आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

माझे वडील हायस्कूलमध्ये मास्तर होते. सगळं गाव त्यांना नाना म्हणतं, म्हणून मीही नानाच म्हणतो. शाळा सुटली की त्यांचं दुसरं काम सुरू व्हायचं, पत्रकं काढायचं. गिरणेच्या पाण्यासाठी, रेशनसाठी, हुंड्याविरुद्ध, बुवाबाजीविरुद्ध. मी अक्षरं शिकलो ती पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून. नानांनी माझं नावही पत्रकात शोभेल असं ठेवलं, संग्राम. पंधराव्या वर्षी मी पहिलं पत्रक लिहिलं तेव्हा त्यांनी एकच नियम सांगितला, की वाचणाऱ्याची मान पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत होकारार्थी हलली पाहिजे. मला ते जमायचं. फार चांगलं जमायचं.

भडगावच्या बाजूचं आमचं छोटं गाव. तिथलं देशी दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून बायकांनी मतदानाची मागणी केली. ज्यांना दुकान नको त्यांनी आडव्या बाटलीच्या चित्रावर शिक्का मारायचा. त्या मोहिमेची सगळी पत्रकं मी लिहिली. आणि ती लिहिताना मी प्यायलेलो असायचो. गावात कोणी पाहू नये म्हणून मी मोटारसायकलवरून थेट पहूरपर्यंत जायचो आणि क्वार्टर आणून पत्रकांच्या गठ्ठ्यामागे ठेवायचो. मला यात विसंगती दिसत नव्हती असं नाही. मी तिला 'ताण' हे नाव दिलं होतं.

मतदानाच्या आदल्या दिवसापासून बायका आमच्या ओट्यावरून हलल्या नाहीत. सारखं कोणीतरी सोबत. पहूर लांब राहिलं, गठ्ठ्यामागेही हात घालता आला नाही. दोन दिवस एक थेंब नाही. निकाल लागला, बाटली आडवी झाली, गुलाल उडाला आणि मी बोलायला ओट्यावर उभा राहिलो. 'भगिनींनो' एवढं आठवतं. पुढचं आठवतं ते एकदम धुळ्याला, सलाईन लावलेला हात.

गावाला वाटलं, पोरगं दगदगीनं पडलं. कोणी म्हणालं उपास घडला असेल.

डॉक्टरांनी मला विचारलं, "किती घेता?"

उत्तर नानांनी दिलं. "तो घेत नाही. तो दारूबंदीचा कार्यकर्ता आहे."

"मी त्यांना विचारतोय, सर."

"मी सांगतोय ना. कधीतरी संगतीत झाली असेल एखाद वेळ."

डॉक्टरांनी माझ्या हातावर एक कागद ठेवला. तो कागद आपोआप फडफडत राहिला, पंखा बंद असताना. ते म्हणाले, "रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की असा झटका येऊ शकतो. तुमची मोहीम जिंकली, सर. म्हणून हा पडला."

नानांचा चेहरा मी पाहिला नाही. पाहायची हिंमत नव्हती. आई भिंतीला टेकून उभी होती आणि तिनं काहीच विचारलं नाही. तेव्हा मला वाटलं, तिला समजलं नसेल.

त्याच संध्याकाळी मला व्यसनमुक्ती केंद्राच्या वॉर्डात हलवलं. प्रवेशाच्या कागदावर सही मीच केली, वाचून केली. तीस दिवस राहायचं, मग सुट्टी द्यायची की नाही ते डॉक्टर ठरवणार. गावाला कावीळ सांगायचं हे नानांनी जिन्यातच ठरवलं.

जाळी

बारा खाटा, एक लोखंडी जाळीचं दार, एक खिडकी. खिडकीतून सरकीच्या तेलाच्या गिरणीची मागची भिंत दिसते. भिंतीच्या वर हातभर आकाश. मी ते हातभर आकाश इतकं पाहिलं आहे, की आजही डोळे मिटले की पिंपळाचं एक रोप दिसतं, भिंतीच्या फटीतलं.

साडेपाचला घंटा. प्रार्थना. चहा. गोळी गिळली की जीभ वर करून दाखवायची. मग गोलात बसून प्रत्येकाने आपलं सांगायचं. जेवण. गोळी, जीभ. परत गोल. आठवड्यातून एकदा शेवभाजी असायची आणि त्या दिवशी गोलात कोणी भांडायचं नाही.

पहिल्या आठवड्यात मला भीती वाटायची ती मरणाची नाही. मला भीती वाटायची की मी इथे इतरांसारखा दिसायला लागेन. मी वाचणारा, लिहिणारा माणूस होतो. बाकीचे माझ्या मते 'पीडित' होते. ज्यांच्यासाठी पत्रकं काढायची, ते.

शेजारच्या खाटेवर धनराज आबा होते. यावलकडचे, साठीचे, केळीच्या बागांमध्ये घड कापणाऱ्या टोळीचे मुकादम. तिसऱ्यांदा दाखल. पहिल्या सकाळी माझा चहा अर्धा चादरीवर सांडला तेव्हा ते म्हणाले, "नाव संग्राम शे, आनि चहाना कप हालस." मग त्यांनी कप स्वतःच्या हातात धरला आणि मला बशीत ओतून पाजला. चार दिवस ते रोज तसं करत होते. मी त्यांना धन्यवादही म्हटलं नाही. मला राग आलेला होता.

गावाहून ऊस यायचा. कोणीतरी काविळीची माळ पाठवली. बारीक काड्या दोऱ्यात ओवलेली ही माळ डोक्यात घालतात आणि कावीळ उतरेल तशी ती लांबत जाऊन गळ्यात, पोटावर येते, असं मानतात. बुवाबाजीविरुद्ध पत्रक काढणाऱ्या माझ्या वडिलांनी ती माळ निमूटपणे माझ्याकडे पोचवली, कारण घेतली नाही तर प्रश्न आले असते. मी ती उशीखाली ठेवली. एक खोटं टिकवायला माणूस काय काय डोक्यावर घ्यायला तयार होतो, ते मला त्या माळेनं शिकवलं.

एकशे वीस वाक्यं

दुसऱ्या आठवड्यात रेवती मॅडम आल्या. त्या जळगावच्या, मानसशास्त्रज्ञ. केंद्रात समुपदेशन करायच्या आणि त्याच्यासोबत एक व्यक्तिमत्त्व चाचणी तयार करत होत्या, खास व्यसन असलेल्या माणसांसाठी, इकडच्या लोकांना समजेल अशा भाषेत. एकशे वीस वाक्यं. प्रत्येकापुढे 'हो' किंवा 'नाही'. माणूस भिडस्त आहे की तापट, एकटा पडला की पितो की चारचौघांत, शब्द पाळताना कुठे मोडतो, हे त्यातून कळावं आणि त्याप्रमाणे पुढचे उपचार ठरावेत, असा त्यांचा प्रयत्न होता. भरणं सक्तीचं नाही, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं.

मी हात वर करून उभा राहिलो. "माणसाला एकशे वीस वाक्यांत बसवायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? दारू व्यवस्था विकते आणि दोष आमच्या स्वभावात शोधायचा?"

वॉर्डात दोघातिघांच्या माना हलल्या. मला बरं वाटलं. सभेत असंच व्हायचं.

मॅडम म्हणाल्या, "धनराज आबा इथे तिसऱ्यांदा आलेत. तिन्ही वेळा त्यांना तेच तीस दिवस, तीच घंटा. तुम्हालाही तेच. तुम्ही दोघं एकसारखे आहात का?"

"नाही," मी जरा जास्तच लवकर म्हणालो.

"मग ते मला कागदावर दिसायला हवं. माझं एवढंच म्हणणं आहे."

कागद वाटले. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना मॅडम वाचून दाखवत होत्या. "सामाजिक समारंभांमध्ये मला अस्वस्थ वाटते."

धनराज आबा म्हणाले, "समारंभ म्हंजे काय व ताई? लगीन का दहावं?"

"कोणताही."

"कोनताबी कसा? लगीनमा माले काही त्रास नही. दहावामा पेवाले भेटत नही, तठे त्रास व्हस."

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी ते वाक्य खोडलं आणि समासात काहीतरी लिहिलं. मी माझा कागद वीस मिनिटांत भरला. परीक्षेत पहिला येणाऱ्याच्या वेगाने.

दोन दिवसांनी त्यांनी मला बोलावलं. मला वाटलं अहवाल मिळेल. त्या म्हणाल्या, "तुम्ही लिहिता म्हणे. ही वाक्यं फार पुस्तकी झालीत. साधी करून द्याल?"

मी चार दिवस लिहिलं. आत आल्यापासून पहिल्यांदा वेळ पुढे सरकला. चाळीस वाक्यं नव्यानं लिहिली आणि गोलात उभं राहून वाचली. 'माझ्या व्यसनानं माझ्या लेकरांच्या तोंडचा घास हिरावला आहे.' 'माणूस म्हणून ताठ मानेनं जगण्याची आग माझ्यात अजून जिवंत आहे.' एकेका वाक्याला सगळे हात वर. दोघं रडले. ज्याला मूलबाळ नव्हतं त्यानंही पहिल्या वाक्याला हो म्हटलं.

मॅडमनी कागद चाळला. चाळीसच्या चाळीस वाक्यांना अकराच्या अकरा 'हो'.

"यातून मला काहीच कळलं नाही," त्या म्हणाल्या.

"सगळ्यांना पटलं."

"तेच तर. तुमचं वाक्य विचारत नाही. ते हो म्हणायला लावतं. हो म्हटलं तरी लाज वाटू नये आणि नाही म्हटलं तरी, असं वाक्य मला हवंय."

 बारा वर्षं मी ज्याला लिहिणं म्हणत होतो त्याच्याबद्दल कोणी असं बोललं नव्हतं.

माझा कागद

मग त्यांनी माझा स्वतःचा कागद काढला.

"तुमचाही वाचता येत नाही."

त्या एकशे वीस वाक्यांत बारा वाक्यं विखरून ठेवलेली होती. 'मी दिलेला शब्द कधीच मोडलेला नाही.' 'मी कधीही कोणाचा हेवा केला नाही.' 'मी घरच्यांपासून कधीच काही लपवलेलं नाही.' खरं उत्तर द्यायचं तर कोणताही माणूस यातल्या बहुतेकांना 'नाही' म्हणेल. माणूस स्वतःला किती रंगवून दाखवतो आहे हे पाहायला ती घातलेली असतात. मी बाराही ठिकाणी 'हो' म्हटलं होतं. वॉर्डात तसं करणारा मी एकटा, एवढं त्यांनी सांगितलं.

"आबांची किती?" मी विचारलं.

"दुसऱ्याचं सांगता येणार नाही."

रात्री भाकरी खाताना मी ती वाक्यं बोलून दाखवली तेव्हा धनराज आबांनी स्वतःच सांगून टाकलं, सगळ्यांना 'नाही'. "मी तर बठ्ठाले नही म्हटलं. हेवा केला नही असा मानूस व्हस का रे भो?"

मला वाटलं होतं माझी तत्त्वं माझ्या बाजूनं आहेत. दारूनं शरीर बिघडलं असेल, पण आत मी स्वच्छ आहे, हे मी इतक्या खात्रीनं धरून होतो की खोटं बोलतानाही मला ते खोटं वाटत नव्हतं. ती बारा उत्तरं मी फसवायला दिली नव्हती. मनापासून दिली होती. याचीच मला जास्त भीती वाटली. दाराची जाळी दिसत तरी होती.

मॅडमनी सांगितलं की तिसावा दिवस आला की डॉक्टर त्यांचं मत विचारतील. "या कागदावर मी काही सांगू शकत नाही. चाचणी अजून कच्ची आहे, तिच्यावरून कोणाची सुट्टी अडवणार नाही. पण तुम्ही मला गोलातही हेच सांगता, जे इथे लिहिलंय. घरी गेल्यावर कोणाला काय सांगणार आहात?"

मला बाहेर जायचं होतं. दुसरं काही नको होतं. भिंतीवरचं आकाश नको, जीभ दाखवणं नको. पण मी बाहेर जाणार होतो ते कावीळ बरी झालेला कार्यकर्ता म्हणून.

त्या आठवड्यात मी कोरा कागद मागून घेतला आणि रोज दोन-दोन वाक्यं लिहून आबांवर तपासली. 'ओळखीचं कोणी दिसलं की मी रस्ता बदलतो.' आबा म्हणाले, नही, मी त्याले च्या पाजस. समोरच्या खाटेवरचा म्हणाला, हो. 'घरात मी कुठे काय ठेवलंय ते माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही.' सहा हो, पाच नाही. माझ्या लिहिण्यावर लोकांचं पहिल्यांदा एकमत झालं नाही आणि मॅडमनी ती दोन्ही वाक्यं ठेवून घेतली.

रविवार

चौथ्या रविवारी नाना आणि आई आले. नानांनी पिशवीतून पत्रक काढलं. अजून शाईचा वास होता. 'दारूबंदी विजय मेळावा व सत्कार समारंभ.' सत्कारमूर्तींमध्ये दुसरं नाव माझं. तारीख माझ्या तिसाव्या दिवसानंतरच्या रविवारची.

"डॉक्टरांशी बोलतो," नाना म्हणाले. "आदल्या दिवशी सोडतील. तू दहा मिनिटं बोल फक्त. बायका वाट पाहतायत."

मॅडमकडे घरच्यांसाठीही एक छोटी प्रश्नावली होती, तीस वाक्यांची. त्यांनी ती नानांना दिली आणि आईला बाजूला बसवून तोंडी विचारू लागल्या. खोली एकच. सगळं सगळ्यांना ऐकू येत होतं. नाना सुंदर अक्षरात भराभर भरत होते. मी उलट्या बाजूनं वाचलं. प्रत्येक उत्तर स्वच्छ.

मॅडमनी आईला विचारलं, "यांचं पिणं तुमच्या लक्षात आलं होतं का?"

"तीन वरीस व्हई ग्यात," आई म्हणाली.

नानांचं पेन थांबलं.

"गठ्ठास्ना मांगे ठेये तो. मी झाडू मारू तवय सरकाडू नि परत तठेच ठेऊ. नही तर तो दुसरीकडे ठेवता. मग माले समजतं नही, कितली पिधी ते."

नाना म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?"

आईनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती मॅडमशीच बोलत राहिली. "मी आडवी बाटलीवर शिक्का मारा, तो गावसाठे नही मारा. मना पोऱ्यासाठे मारा. पहिली रांगमा उभी ऱ्हायनू. बठ्ठ्या म्हने, नानानी बायको, तिले कसाना त्रास."

मी एवढंच म्हणालो, "नाना, मी त्या दिवशी सत्काराला येणार नाही. सुट्टी मिळाली तरी नाही."

"आणि लोकांना काय सांगू?" त्यांचा आवाज वर्गातला होता. "दुकानवाले टपून बसलेत. म्हणतील, ज्यानं पत्रकं लिहिली तोच पिऊन होता. एवढ्या बायकांनी केलेलं सगळं मातीत जाईल. तुला तुझं एकट्याचं खरं बोलायचंय. चळवळीचं काय?"

हे त्यांचं म्हणणं मला आजही खोटं वाटत नाही. मी स्वतः तीन वर्षं तेच म्हणून गप्प होतो.  मी फक्त म्हणालो, "मी तिथं बोललो तर घरी आल्यावर पिईन, नाना. मला माहीत आहे."

नानांनी समोरचा कागद ओढला. नववं वाक्य होतं, 'याच्या पिण्याबद्दल मी बाहेरच्यांना वेगळं कारण सांगितलेलं आहे.' त्यापुढे त्यांनी 'नाही'वर खूण केली होती. ते आईकडे वळले आणि त्यांनी विचारलं, "काय लिहू?" मी आयुष्यात त्यांना काही लिहिताना कोणाला असं विचारताना पाहिलं नव्हतं.

आई म्हणाली, "हां लिखा."

त्यांनी खोडून 'हो' केलं. खाली सही केली, मास्तर करतात तशी तारखेसकट. मग पत्रकाची घडी घालून खिशात ठेवली आणि माझ्याकडे न बघता निघून गेले. जाळी लागली. आईची चप्पल जिन्यावर वाजत होती तोवर मी उभा होतो.

त्या संध्याकाळी मी माझी एकशे वीस वाक्यं परत भरली. दोन तास लागले. तिसाव्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "काय करायचं?" आणि मी म्हणालो, अजून तीस. घरी जायची इतकी इच्छा असताना हे वाक्य मी कसं म्हणालो ते मला नीट सांगता येत नाही. त्यानंतर मी खाटेवर येऊन भिंतीकडे तोंड केलं आणि आबांनी माझ्या वाटची शेवभाजी झाकून ठेवली.

मेळाव्याच्या पुढच्या रविवारी आई एकटी आली. नाना आले नाहीत. तिनं डबा उघडला, कळण्याची भाकरी आणि ठेचा. मी विचारलं, मेळाव्याचं काय झालं.

आईनं सांगितलं, सत्काराच्या वेळी माझं नाव पुकारलं तेव्हा नाना उभे राहिले. हातात कागद नव्हता. म्हणाले, "माझ्या मुलाला कावीळ झालेली नाही. तो दारू सोडवायला धुळ्याला दाखल आहे." एवढं बोलून ते खाली बसले. टाळी नाही, काही नाही. मागे पानटपरीजवळ उभे असलेले दोघंतिघं हसले. पुढचं भाषण सुरू झालं. घरी आल्यावर नाना दोन दिवस ओट्यावर बसले नाहीत.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? तिसरा दिवसले सकायमा एक बाई उनी. मांगला दारकडथीन." आईनं तिचं नाव सांगितलं. मी ते इथे लिहिणार नाही. मतदानाच्या वेळी तिच्या नवऱ्याने आमचं पत्रक चौकात अभिमानानं, मोठ्यानं वाचून दाखवलं होतं.

"तिनी नानाले इचारं, तठे कोनती गाडी जास, नि कोनता वारले दाखल करी लेतस."

"नाना काय म्हणाले?"

"लिखी दिधं तिले," आई म्हणाली. "गाडीना टाईम, नि उतरानं कोठे ते. कागदवर मावत नही व्हतं म्हनीसन मांगली बाजूले बी लिखं."